आठ ते चौदा इंच

बर्फाचा पहिला नकाशा आमच्या व्हॉट्सअॅप गटात साधारण पाच दिवस आधी पडतो, आणि टाकणारा नेहमी पुणेकरच असतो. किनाऱ्यालगत जांभळा डाग, डागाच्या पोटात बॉस्टन, खाली एकच शब्द : "सावध!" त्यावर नागपूरकराचं उत्तर ठरलेलं. "काय बे, मागच्या वेळी पण हेच म्हटलं होतंस." मग मालवणी म्हणतो, "पडतलो तेवां बघया." इथपर्यंत आलं की आमचा हिवाळा सुरू. कॅलेंडरला आम्ही विचारत नाही.

एक-दोघे सोडले तर आम्ही सगळे बॉस्टनच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत विखुरलेलो. बहुतेक जण नव्वदच्या दशकात नोकरीसाठी आलो आणि आता पन्नाशी ओलांडून बसलोय. पासपोर्ट कोणत्याही रंगाचा असो, गटात माणूस गावाच्या नावानेच ओळखला जातो. मी सातारकरीण. एरवी या गटात काय असतं? वाढदिवसाचे केक, कुणाच्या तरी मुलाचं ग्रॅज्युएशन, आणि सकाळी सकाळी पुढे ढकललेली सुविचारांची फुलं. वादळाची चाहूल लागली की मात्र सगळे खडबडून जागे होतात. वर्षभर मौन धरलेली मंडळीसुद्धा इंचांवर बोलायला येतात.

गटात दोन पक्ष आहेत. एक युरोपियन मॉडेलवाल्यांचा, दुसरा अमेरिकन मॉडेलवाल्यांचा. हवामानाच्या अंदाजाची ही दोन मोठी संगणकी गणितं, आणि येणाऱ्या वादळाबद्दल त्यांचं एकमत झालं तर आमची करमणूकच बुडते. २०१२ साली सँडी वादळ समुद्रात निघून न जाता डावीकडे वळून किनाऱ्यावर आदळणार, हे युरोपियन मॉडेलने आधी ओळखलं. तेव्हापासून पुणेकर त्या पक्षाचा कट्टर कार्यकर्ता. नागपूरकर अमेरिकन पक्षात, आणि त्याचं कारण शास्त्रीय वगैरे अजिबात नाही. "कर इथे भरतो ना मी? मग मॉडेल पण इथलंच वापरणार."

भांडायला जागा आहे हेही खरं. इथली मोठी हिमवादळं, ज्यांना इथले लोक नॉरईस्टर म्हणतात, किनाऱ्याला समांतर वर सरकतात. खंडावरची गार हवा आणि गल्फ स्ट्रीम या समुद्रातल्या कोमट प्रवाहावरची उबदार दमट हवा एकमेकींना भिडतात, दाब कोसळतो आणि समुद्रावरून ईशान्येचे वारे सुटतात. उत्तरेला ४० अंश, पश्चिमेला ७० अंश, असा समुद्रातला एक बिंदू इथले हवामानवाले खुणेचा धरतात. वादळाचं केंद्र त्याच्या आसपासून गेलं तर बॉस्टनला भरघोस बर्फ. जरा किनाऱ्याकडे सरकलं तर नुसता पाऊस, जरा बाहेर गेलं तर काहीच नाही. शेकडो मैल पसरलेलं वादळ, आणि आमचं नशीब त्यातल्या पन्नास मैलांवर ठरणार! म्हणून टीव्हीवरची बाई "आठ ते चौदा इंच" असं सांगून मोकळी होते. आठ इंच म्हणजे उद्या ऑफिस. चौदा इंच म्हणजे उद्या सुट्टी, पोहे आणि पाठदुखी. या दोन आकड्यांच्या मधली जी जागा, तिथे आम्ही चार दिवस मुक्काम करतो.

इथल्या एका हवामानवाहिनीने २०१२ पासून हिवाळी वादळांना स्वतःच नावं ठेवायला सुरुवात केली. सरकारी हवामान खातं ती वापरत नाही. आमच्याकडे आमची स्वतंत्र पद्धत आहे. येते येते म्हणून ऐनवेळी न येणाऱ्या वादळाला 'धाकटी आत्या', आणि न सांगता येऊन चार दिवस तळ ठोकणाऱ्याला 'मामा'. कुणाची आत्या आणि कुणाचा मामा हे सर्वांना ठाऊक आहे, इथे लिहीत नाही.

अंदाजाची टिंगल करण्याचं बाळकडू आम्हाला गावाकडूनच मिळालेलं. वेधशाळेने पाऊस सांगितला म्हणजे छत्री घरी ठेवावी, हा विनोद ऐकत आम्ही मोठे झालो. पुणेकराचं बालपण तर शिवाजीनगरात, सिमला ऑफिसच्या जवळ गेलेलं. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून इमारतीचं नाव सिमला ऑफिस. नंतर मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव मात्र राहिलं. त्यामुळे वेधशाळेची चेष्टा करण्याचा पहिला हक्क आपला, असं तो मानतो. दुसऱ्या कुणी केली की मात्र त्याला राग येतो.

२०१५ च्या जानेवारीत या चेष्टेला मोठाच मोसम आला. २६ तारखेला न्यूयॉर्कला दोन-तीन फुटांचा इशारा होता. बर्फासाठी म्हणून तिथली सबवे कधी बंद झाली नव्हती, ती बंद केली. आमचा एक डोंबिवलीकर न्यू जर्सीत असतो. तो दिवसभर गटात पोवाडे गात होता, "तुम्ही बॉस्टनवाले नुसते बोलता, या वेळी बघा आमच्याकडे." सकाळी सेंट्रल पार्कमध्ये दहा इंचसुद्धा भरला नाही. वादळ जरासं पूर्वेला सरकलं होतं, एवढंच. फिलाडेल्फियाजवळच्या हवामान कार्यालयाच्या प्रमुखाने लोकांची जाहीर माफी मागितली. (वेधशाळेने माफी मागितली हे वाचून पुणेकर कितीतरी वेळ काही बोललाच नाही.) आणि इकडे बॉस्टनमध्ये दोन फूट, वूस्टरला तर जवळजवळ तीन. डोंबिवलीकराने गट सोडला. आठवडाभराने परत आला तोवर आमच्यावर दुसरं वादळ येऊन गेलं होतं. त्या मोसमात बॉस्टनला एकूण ११०.६ इंच पडला. शहराने उचलून बंदराजवळ रचलेला त्याचा काळाकुट्ट डोंगर १४ जुलैला पूर्ण वितळला. म्हणजे आषाढात.

वादळाच्या आदल्या दिवशी इथे दुकानांत ब्रेड, दूध आणि अंडी संपतात. दर वेळी हीच तीन. बर्फ पडायला लागला की हे सगळे लोक घरोघरी फ्रेंच टोस्ट करत बसतात की काय, हा इथलाच जुना विनोद आहे. आपल्या वाण्याच्या दुकानात जा, तिथलं दृश्य वेगळं. कोथिंबिरीच्या जुड्या गायब, दह्याचे मोठे डबे गायब, आणि साबुदाण्याच्या फडताळापुढे दोन बायका एकमेकींकडे बघून ओशाळं हसताहेत. महापूर येवो की हिमवादळ, आपल्या माणसाला घरात साबुदाणा असला की धीर येतो. आणि कोथिंबीर? ती तर चार दिवसांत काळी पडते. तरी घ्यायची. मीही घेते.

रात्र चढते तशा बढाया सुरू होतात. नागपूरकर मे महिन्याचा सत्तेचाळीस अंश काढतो. "हे काय थंडी हाय का बे? उन्हाळ्यात आमच्या नागपूरले ये म्हणा या गोऱ्यांना." महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवर दव गोठतं तेव्हा पेपरात पहिल्या पानावर फोटो येतो, हा माझा एकुलता एक दाखला, आणि त्याला कुणी भीक घालत नाही. हुकमाचा एक्का मुंबईकराकडे असतो. २६ जुलै २००५, सांताक्रूझ, एका दिवसात ९४४ मिलिमीटर. त्यावर एकदा पुणेकराने हिशोब मांडला. एक इंच पावसाचा ढोबळमानाने दहा इंच बर्फ होतो. ९४४ मिलिमीटर म्हणजे सदतीस इंच पाणी. म्हणजे तो पाऊस बर्फ होऊन पडला असता तर एकतीस फूट. गटात एकदम शांतता. मग मालवणी, "आणि लोकल चालूच रवल्यो असत्यो." त्या रात्री लोकल बंद होत्या आणि मुंबईकर कुर्ल्याहून छातीभर पाण्यातून चालत घरी गेला होता, हे त्याने फार नंतर सांगितलं. तोवर एकतीस फुटांवर भरपूर हसून झालं होतं.

माझ्या शेजारचे आजोबा इथलेच. ते आमच्यासारखे इंच मोजत नाहीत. त्यांच्याकडे एकच माप आहे, १९७८. त्या वर्षीच्या ६ फेब्रुवारीला पहाटे बर्फ सुरू होणार असं सांगितलं होतं. सकाळ झाली, आभाळ नुसतं करडं. लोक हसले, अंदाज चुकला म्हणाले, आणि कामाला गेले. दुपारपर्यंत असा कोसळायला लागला की घरी परतणाऱ्या तीन हजारांहून जास्त मोटारी आणि पाचशे ट्रक १२८ नंबरच्या रस्त्यावर होत्या तिथेच गाडले गेले. बॉस्टनला २७.१ इंच पडला. गव्हर्नर डुकाकिस रोज स्वेटर घालून टीव्हीवर यायचे आणि घरात थांबा म्हणायचे. आजोबा तेव्हा विशीत होते, रस्त्यात अडकून एका चर्चच्या बाकावर झोपले. त्यांच्या तोंडून हे मी अनेकदा ऐकलंय, पण त्यातला "लोक हसले" हा भाग दर वेळी थोडा खुपतो. आमच्याकडे तर हसण्याची वेळ राखून ठेवलेली असते.

एका गोष्टीवर मात्र गटात कुणी विनोद करत नाही. गारठणारा पाऊस. वर उबदार हवेचा थर, खाली शून्याच्या आतली हवा. मधून पाणी पाणी म्हणूनच पडतं आणि जिथे टेकेल तिथे काच होऊन बसतं. फांदीवर, तारेवर, पायरीवर. डिसेंबर २००८ मध्ये मध्य मॅसॅच्युसेट्सवर असा पाऊस झाला. रात्रभर झाडं मोडत होती, काही घरांना वीज यायला दोन आठवडे लागले. बर्फ फावड्याने काढता येतो, या काचेचं काय करायचं? नकाशावर जांभळ्याऐवजी गुलाबी पट्टा दिसला की आत्या आणि मामा गप्प होतात. संदेश एकदम छोटे. जनरेटर आहे का. डिझेल की गॅसोलीन. आईला ऑक्सिजन लागतो ना, आमच्याकडे आणून ठेव, आमची लाइन जमिनीखालून आहे. पंधरा मिनिटांत सगळं ठरतं. उत्तरादाखल अंगठा.

आमची सांगलीकरीण डॉक्टर आहे. वादळाच्या दिवशी तिची ड्यूटी असली तर ती आदल्या रात्रीच बॅग घेऊन हॉस्पिटलात झोपायला जाते. तिकडून तिचा एकच संदेश येतो, आणि तो विनोद नसतो : "पन्नाशीच्या पुढचे, फावडं खाली ठेवा." ओल्या बर्फाने भरलेलं फावडं सहज सात-आठ किलोचं होतं, गारठ्याने रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, आणि माणूस कॉफी पिऊन तडक कामाला लागलेला असतो. त्यात ड्राइव्हवेच्या तोंडाशी नगरपालिकेचा बर्फ ढकलणारा नांगर जो ढिगारा लोटून जातो, तो साफ करून झाला की पाचच मिनिटांत तोच नांगर परत येतो. जगात समतोल बिघडवणाऱ्या शक्ती असतात यावर माझा विश्वास त्या नांगरामुळे बसला.

मालवण्याला दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसली. तेव्हापासून त्याच्या अंगणावर गटाची नजर असते. "फावडं हातात दिसलं तर फोटो काढून वहिनींना पाठवीन," नागपूरकर धमकी देतो. तो राहतो दोन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे धमकी खरी आहे. सकाळी तोच स्वतःचा स्नो-ब्लोअर ढकलत ढकलत तिकडे जातो आणि वर ऐकवतो, "तुझ्यासाठी नाही आलो बे, मशीन तपासायची होती." मालवणी खिडकीतून सूचना देतो, डावीकडचा राहिला, थंयसर मीठ टाक. यांच्या मैत्रीत एकमेकांना बरं म्हणायची पद्धत नाही.

गटातला एकमेव तरुण, म्हणजे पस्तिशीचा नाशिककर, शहरात साउथ बॉस्टनला राहतो. त्याचं दुःख निराळं. तिथे रस्त्यावर गाडी लावायची असते, आणि ज्याने उकरून जागा मोकळी केली त्याने तिथे मोडकी खुर्ची ठेवली की ती जागा त्याची. पूर्वी आपण एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचो, अगदी तसं. पालिकेने याला ४८ तासांची मुभा दिली आहे. नाशिककराने पहिल्या वर्षी इस्त्रीचं टेबल ठेवलं. कुणी हलवलं नाही. दुसऱ्या वर्षी साईबाबांची तसबीर ठेवावी असा सल्ला गटाने एकमुखाने दिला. त्याने तो मानला नाही, हे बरं झालं.

आता सध्याच्या वादळाबद्दल. पैज लागली आहे, हरेल त्याने सगळ्यांना मिसळ खिलवायची. पुणेकर बारा इंचांच्या वर, नागपूरकर खाली. तंटा मोजण्यावरून पेटलाय. लोगन विमानतळाचा सरकारी आकडा धरायचा नाही यावर दोघांचं एकमत, कारण लोगन जवळपास समुद्रातच आहे आणि समुद्राची ऊब बर्फ खाते. मग कुणाचं अंगण? पुणेकराने नियमाप्रमाणे पांढरी फळी मांडली आहे. फळी फार तर दर सहा तासांनी पुसायची, त्याआधी नाही, कारण बर्फ स्वतःच्या वजनाने दबतो आणि तासातासाला पुसून मोजला की बेरीज फुगते. हे सगळं त्याने गटात मुद्देसूद लिहिलं, रात्री दोन वाजता. नागपूरकर म्हणतो, दोन वाजता जागा असलेला माणूस फळी किती वेळा पुसतो याचा साक्षीदार कोण?

पहाटे फोटो आला. फळीवर उभी पट्टी, साडेबाराच्या जवळ. नागपूरकराने फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, पट्टीचं शून्य टोकापासून सुरू होतं की टोकाला अर्धा इंच कोरी जागा आहे? पुणेकर पट्टी घेऊन पुन्हा बाहेर गेलाय. मालवणी विचारतोय, पाव कोण हाडता.