जर्मनीत टेलिकॉममध्ये मास्टर्स करताना: मॉड्युल हँडबुक, गणित आणि लॅब

ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या) शेवटच्या वर्षातली मुलं पहिल्यांदा विचारतात ती विद्यापीठाची क्रमवारी. त्याआधी दुसरी एक गोष्ट बघायला हवी: ज्या कोर्सला अर्ज करायचा, त्याचं मॉड्युल हँडबुक. प्रत्येक विषयात काय शिकवतात, किती क्रेडिट मिळतात, परीक्षा लेखी की तोंडी, आधी काय येणं अपेक्षित आहे, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं, आणि ते विद्यापीठाच्या साइटवर फुकट मिळतं. हॅम्बुर्गच्या तांत्रिक विद्यापीठातला 'इन्फर्मेशन अँड कम्युनिकेशन सिस्टिम्स' आणि म्युनिकचा 'कम्युनिकेशन्स अँड इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंग' हे दोन्ही इंग्रजीतले कोर्स. नावं जवळची, पण विषयांची गोळाबेरीज वेगळी. सिस्कोचे राउटर कॉन्फिगर करायला शिकवतील या अपेक्षेने येणाऱ्यांची इथे निराशा होते. पदवी 120 क्रेडिटची, त्यातले साधारण 30 थीसिसचे, आणि उरलेल्यात मोठा वाटा गणिताचा.

त्या गणिताचा एक नमुना. सेकंदाला 10 मेगाबिटची लिंक आहे आणि सरासरी पॅकेट 1,250 बाइटचं, म्हणजे 10,000 बिटांचं. लिंक सेकंदाला 1,000 पॅकेटं पुढे ढकलू शकते. पॅकेटं यादृच्छिकपणे येतात आणि त्यांची लांबीही तशीच बदलते असं धरलं, तर सरासरी विलंब निघतो 1 भागिले (क्षमता वजा आवक). आवक 500 असताना विलंब 2 मिलिसेकंद, 900 ला 10, आणि 990 ला थेट 100. लिंक अजून भरलेलीही नाही, तरी विलंब पन्नासपट झाला. परीक्षेत फक्त हे सूत्र वापरायला सांगत नाहीत, ते सिद्ध करायला सांगतात. म्हणून संभाव्यता, स्टोकॅस्टिक प्रोसेस, लिनियर अल्जिब्रा आणि फूरिये हे चार धडे निघण्याआधीच्या सुट्टीत पुन्हा करा. पायथन इथे येऊनही शिकता येतं. संभाव्यता कच्ची असेल तर मात्र पहिलंच सेमिस्टर हातचं जातं.

अर्जाच्या कागदांत सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे जर्मन ग्रेड, म्हणजे तुमचे गुण जर्मन मोजपट्टीवर बदलून येणारा आकडा. सूत्र असं: 1 अधिक 3 गुणिले (कमाल गुण वजा तुमचे गुण) भागिले (कमाल वजा उत्तीर्ण होण्याचे किमान गुण). सीजीपीए 10 पैकी 8.2 असेल आणि किमान 4 धरले, तर ग्रेड 1.9 येते. किमान 5 धरले तर 2.08. जर्मनीत लहान आकडा चांगला. जिथे मर्यादा 2.0 ची असते, तिथे या एका फरकाने अर्ज बाद होऊ शकतो. ट्रान्सक्रिप्टवर किमान उत्तीर्ण ग्रेड छापलेली नसेल, तर ती कॉलेजच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या.

बाकीचं थोडक्यात. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर 2022 पासून व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारा दाखला) लागतं. ते यायला वेळ लागतो, म्हणून आठव्या सेमिस्टरची वाट बघत बसू नका. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चाची हमी म्हणून उघडायच्या खात्यात, वर्षाचे 11,904 युरो भरावे लागतात आणि महिन्याला त्यातले 992 हातात येतात. "जर्मनीत शिक्षण फुकट" हे आता सरसकट खरं नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1,500 युरो फी आहे, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात मास्टर्सला 4,000 किंवा 6,000.

परीक्षेची पद्धत आपल्यापेक्षा फार वेगळी आहे. बहुतेक विषयांत सगळे गुण शेवटच्या एका पेपरवर असतात, बऱ्याचदा 90 ते 120 मिनिटांच्या. पेपरसाठी वेगळी नोंदणी करावी लागते आणि तिची तारीख चुकली तर बसू देत नाहीत. आजारी पडलात तर डॉक्टरचं प्रमाणपत्र त्याच दिवशी घ्या. अनेक विद्यापीठांत एका सक्तीच्या विषयाला तीनच प्रयत्न मिळतात. तिसऱ्यांदा नापास झालं की नाव कमी होतं, आणि मग तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. आपल्याकडे केटी घेऊन पुढे सरकायची सवय असते, ती इथे धोक्याची. तयारी नसेल तर मुदतीच्या आत नोंदणी मागे घ्यावी, त्यात काही कमीपणा नाही.

आता लॅब, या पदवीतला सगळ्यात सुंदर भाग. 'ओपनएअरइंटरफेस' हे मुक्त सॉफ्टवेअर आणि यूएसआरपी बी210 हा रेडिओ घेऊन एका साध्या डेस्कटॉपवर 5जी बेस स्टेशन उभं करता येतं. 40 मेगाहर्ट्झच्या सेलला सेकंदाला 4.608 कोटी सँपल (सिग्नलची आकड्यांतली मोजमापं) लागतात. प्रत्येक सँपल 4 बाइटचं, म्हणजे एका दिशेला सुमारे 184 मेगाबाइट. यूएसबी 2 ची कागदावरची मर्यादाच 60 मेगाबाइट, तेव्हा केबल चुकीच्या पोर्टात खोचली की काम संपलं. पोर्ट बरोबर असूनही टर्मिनलवर यू आणि एल ही अक्षरं धडाधड उमटायला लागली, तर सँपल वेळेत पोचत नाहीत असं समजा. बहुधा प्रोसेसर वीज वाचवायला वेग कमी करत असतो. गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारं सेटिंग) 'परफॉर्मन्स'वर टाका आणि बायोसमधल्या स्लीप स्टेट्स बंद करा.

रेडिओचे ट्रान्समिट आणि रिसीव्ह पोर्ट केबलने थेट कधीच जोडू नका. बाहेर 10 डीबीएमहून (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं एकक) जास्त पडतं आणि रिसीव्हर फार तर उणे 15 सोसतो. मध्ये किमान 30 डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारा भाग) हवाच, 40 चा असेल तर उत्तम. अँटेना लावून हवेत सोडायचं असेल तर परवाना लागतो. जर्मनीत 3.7 ते 3.8 गिगाहर्ट्झ हा पट्टा कंपन्यांच्या आणि संस्थांच्या स्थानिक नेटवर्कसाठी राखून ठेवलेला आहे, आणि त्यासाठीही बुंडेसनेट्झआगेंटूर या नियामकाकडे अर्ज करावा लागतो. परवाना नसेल तर सगळं शील्डेड बॉक्समध्ये, म्हणजे सिग्नल बाहेर न सोडणाऱ्या पेटीत करायचं.

फोन जोडला जात नसेल तर रेडिओला दोष देण्याआधी कोअर नेटवर्कचा, म्हणजे बेस स्टेशनमागे राहून सिम ओळखणाऱ्या आणि डेटा पुढे नेणाऱ्या भागाचा, लॉग उघडा. 'मॅक फेल्युअर' दिसलं तर सिमवरची गुप्त किल्ली किंवा ओपीसी (सिमवरचाच दुसरा गुप्त आकडा) डेटाबेसमधल्या नोंदीशी जुळत नाही. 'सिंक फेल्युअर' म्हणजे सिम आणि नेटवर्क यांच्याकडचा अनुक्रमांक पुढेमागे झालाय. नोंदणी झाली पण इंटरनेट नाही, असं असेल तर एपीएनचं (फोनमध्ये भरायच्या डेटा नेटवर्कच्या नावाचं) स्पेलिंग तपासा. ही तीन कारणं ओळखता येणाऱ्याला थीसिसच्या मुलाखतीत वेगळं काही सांगावं लागत नाही.

थीसिस साधारण सहा महिन्यांचा. बर्लिनचं फ्राउनहोफर एचएचआय ही संशोधन संस्था, म्युनिकची रोडे अँड श्वार्ट्झ, नोकिया, एरिक्सन ही या क्षेत्रातली ओळखीची दारं. कंपनीत करायचा असेल तर करारावर सही करण्याआधी विद्यापीठातल्या प्राध्यापकाचा होकार ईमेलवर घ्या. गुण प्राध्यापकच देणार असतात, आणि गोपनीयतेच्या अटी काही जणांना मान्य नसतात. विषय नोंदवला की मुदत सुरू होते, म्हणून हार्डवेअर प्रत्यक्ष टेबलावर आल्याशिवाय नोंदणी करू नका.