आमची वाटचाल : ब्लोअर लहान नव्हता

गोंदियात राइस मिलांचे धान वाळवायचे ड्रायर आम्ही बांधतो. एक शेड, वेल्डिंग मशीन आणि पत्रा वाकवायचं हाताचं मशीन, एवढ्यावर सुरुवात केली. पुढची दहा वर्षं कामं मिळत गेली. सांगायचं आहे ते 2018 चं.

तिरोड्याकडच्या एका मिलमध्ये उष्ण्यासाठी, म्हणजे उकडलेल्या धानासाठी, ड्रायर लावला. मीटरवर ओलावा 14 टक्के, तरी पॉलिशरमधून कनकीच, म्हणजे तुटलेला तांदूळच, जास्त. शेठनी शेवटचा हप्ता थांबवला. त्याच आठवड्यात एका मोठ्या कारखान्याचा माणूस मिलामिलांत सांगत फिरला, "यांचा ब्लोअरच लहान." म्हणजे ड्रायरमध्ये हवा ढकलणारा पंखा. आमच्या तीन ऑर्डरी गेल्या. कारागिरांचा पगार बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून दिला.

मुलगी अकोल्याला कृषी अभियांत्रिकी शिकत होती. दिवाळीत म्हणाली, "बाबा, ड्रॉइंग नको, खरी मापं आणून द्या." मी टेप आणि हवेचा वेग मोजायचं यंत्र घेऊन ड्रायरच्या हवेच्या पेटीत उतरलो. तिने धानाचा थर सच्छिद्र धरून ओपनफोमवर, म्हणजे हवेचा प्रवाह गणिताने दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, हवा चालवली. ते फुकट मिळतं, पण एका गणिताला अख्खी रात्र लागायची. पडद्यावर दिसलं ते असं : पेटीत शिरलेली हवा थेट समोरच्या भिंतीवर आदळून तिकडच्याच उलट्या व्ही-डक्टांत (धानात हवा सोडणाऱ्या नळ्यांत) घुसत होती, ब्लोअरजवळच्या डक्ट उपाशी राहत होत्या. धान सरळ खाली उतरतो, बाजू बदलत नाही. दोन्हीकडचे नमुने वेगळे काढले तर एकीकडे 12, दुसरीकडे 17. खाली मिसळले की मीटर 14 च्या आसपास दाखवणारच. कनकी त्या 12 वाल्याची होत होती.

म्हणून मिलवाल्यांना सांगतो, नमुना खालच्या हॉपरमधून, जिथे सगळा धान मिसळतो, घेऊ नका. आणि उष्णा एका दमात 14 वर आणू नका. 16-18 वर थांबवा, बिनमध्ये (साठवणीच्या टाकीत) काही तास मुरू द्या, मग उरलेला ओलावा काढा. दाणा तडकतो तो 16 च्या खालीच.

हवा वळवायच्या पट्ट्या कुठे, किती तिरक्या, हे मुलीने आधी संगणकावर पाहिलं. मग मी 2 मिमी पत्र्यातून कापल्या. ऐन हंगामात शेठनी त्यासाठी रात्रभर मिल बंद ठेवली आणि स्वतः बॅटरी धरून उभे राहिले. हे उपकार मी विसरणार नाही. ब्लोअर तोच ठेवला. कनकी उतरली, हप्ता मिळाला, पाटल्या सुटल्या.

तीनपैकी दोन ऑर्डरी परत आल्या. तो कारखाना आता तशाच पट्ट्या नवीन शोध म्हणून विकतो.