बर्फातला देह आणि एक जुने प्रेमगीत

'गेम ऑफ थ्रोन्स' या दूरचित्रवाणी मालिकेच्या सहाव्या पर्वाची झलक (ट्रेलर) मार्च २०१६ मध्ये आली, तेव्हा मी ती किती वेळा पाहिली याचा हिशेब ठेवला नाही; शेवटी शेवटी तर मी डोळे मिटून नुसती ऐकत होतो. बर्फात पडलेला, मालिकेतल्या जॉन स्नो या नायकाचा निष्प्राण देह आणि त्यावर अमेरिकी गायक क्रिस आयझॅक यांचे 'विकेड गेम' हे गाणे, तेही जेम्स व्हिन्सेंट मॅकमॉरो या आयरिश गायकाच्या आवाजात.

मूळ गाणे १९८९ चे. डेव्हिड लिंच यांच्या 'वाइल्ड ॲट हार्ट' या १९९० च्या चित्रपटात त्याची धून वाजली आणि मग ते सर्वदूर पोहोचले. त्यातली गिटार मींड घेत घसरत जाते, त्यामुळे विरहातही एक सुखद गुंगी राहते. मॅकमॉरो यांनी ते आयर्लंडमधल्या किलकेनीच्या सेंट कॅनिस कॅथेड्रलमध्ये गायले, आणि त्यात ती गुंगी उरलेली नाही. उरतो तो उंच, पातळ, आता तुटेल की काय असे वाटायला लावणारा आवाज आणि शब्द संपल्यावरही मागे रेंगाळणारी आस.

मात्र केवळ लय संथ केली म्हणून गाणे गडद होत नाही, असे माझे ठाम मत आहे. त्यातल्या शब्दांना कथेत नवा धनी मिळावा लागतो. जग पेटल्याचे या गाण्याच्या आरंभीचे वर्णन मुळात रूपक आहे, पण ड्रॅगनांच्या कथेत ते अक्षरशः खरे ठरते. त्याहून मोठी गोष्ट अशी की, प्रेयसीला उद्देशून केलेला 'किती दुष्टपणा केलास' हा आर्त ठपका इथे जॉनला भोसकणाऱ्या त्याच्याच नाइट्स वॉच या पहारेकरी दलातील सोबत्यांवर जाऊन पडतो. आदल्या वर्षीच्या झलकेत डेव्हिड बोवी यांचे १९७७ चे 'हीरोज' हे गाणे 'टीव्ही ऑन द रेडिओ' या बँडने गायले होते. तेही मला आवडले, परंतु त्यातले शब्द कोणाचे, हे मला त्या दृश्यांत कधीच सापडले नाही.

मॅकमॉरो यांच्या गाण्यात ओळीआधी घेतलेला श्वासही मी कान देऊन ऐकत असे. पुढे सहाव्या पर्वाच्या दुसऱ्या भागाच्या अखेरीस जॉनने एकदम श्वास ओढून डोळे उघडले, त्या क्षणी मला पहिल्यांदा तोच श्वास आठवला.