‘माझ्याकडे तर चालतंय’: डायलॉग बॉक्स टेस्टिंगचा माझा अनुभव

डायलॉग बॉक्स, म्हणजे प्रोग्रॅम काही विचारायला किंवा सांगायला उघडतो ती छोटी खिडकी. तिचं टेस्टिंग म्हटलं की ऑफिसात कुणी फारसं मनावर घेत नाही. ओके दाबा, कॅन्सल दाबा, खिडकी बंद झाली का बघा, त्यात काय एवढं! आमचं सॉफ्टवेअर दुकानदारांच्या आणि करसल्लागारांच्या हिशेबाचं, विंडोजवर चालणारं. नव्या आवृत्तीत त्याचे सगळे डायलॉग मराठीत येणार होते, म्हणून ते एकूण एक तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं. बाकीचे निभावले. एका पॉपअपने मात्र असा जीव खाल्ला की अजून आठवलं तरी डोकं तापतं.

मराठी मजकुराचा त्रास अपेक्षितच होता. बटणं इंग्रजी अक्षरांच्या मापाने बेतलेली, त्यामुळे उकार खालून कापले जायचे. ‘पुसा’चं ‘पसा’ दिसायचं. माझ्या मोठ्या मॉनिटरवर सगळं ठीक, पण लॅपटॉपवर स्केलिंग (स्क्रीनवरचं सगळं मोठं करून दाखवायचं प्रमाण) बहुतेक वेळा १२५ किंवा १५० टक्के असतं, तिथे रांगच्या रांग बिघडायची. तेव्हा मराठी डायलॉग १०० टक्क्यांवर बघून पास करू नका. हे बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधले दोष, लगेच मान्य झाले, कारण स्क्रीनशॉटमध्ये दिसत होते.

जे स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही त्याचं काय होतं, ते आता सांगते.

क्लायंटची तक्रार आली की जीएसटीआर-१चा (जीएसटीच्या विक्री विवरणाचा) रिपोर्ट काढताना सॉफ्टवेअर हँग होतं. ‘रिपोर्ट तयार होत आहे’ अशी पट्टी येते आणि तशीच राहते. शेवटी टास्क मॅनेजरमधून प्रोग्रॅम मारावा लागतो. दर महिन्याला भरणाऱ्यांना हे विवरण ११ तारखेपर्यंत द्यायचं असतं, त्यामुळे १० तारखेला असा फोन आला की पलीकडचा माणूस गोड बोलत नाही. मी बग टाकला. दुसऱ्या दिवशी शेरा मारून परत: रिप्रोड्यूस होत नाही, म्हणजे आमच्याकडे तसं घडत नाही.

डेव्हलपरच्या टेबलाशी गेले. “अगं, बघ ना, माझ्याकडे तर चालतंय,” म्हणत त्याने माझ्यासमोर रिपोर्ट काढला. पट्टी भरली, रिपोर्ट आला. “त्यांचा पीसी स्लो असेल. रॅम वाढवायला सांग.” मी तो बग पुन्हा उघडला, त्याने पुन्हा बंद केला. मग टीमच्या लीडने त्याची सिव्हिरिटी, म्हणजे गांभीर्याची पातळी, उतरवली. मीटिंगमध्ये ‘तो तुझा हँगवाला बग’ असा उल्लेख व्हायला लागला, जणू मी घरून डब्यात घालून आणला होता. खरं सांगते, हँगपेक्षा त्या शेऱ्याचाच राग जास्त आला. माणूस समोर रडतोय आणि आपण म्हणायचं, माझं पोट तर दुखत नाही.

क्लायंटकडे जुजबी चौकशी करून काही मिळेना. “अहो मॅडम, काही नाही केलं, नुसता रिपोर्ट काढला,” एवढंच उत्तर. शेवटी मी त्यांना म्हटलं, अडकेल तेव्हा कशालाही हात लावू नका, मोबाईलने अख्ख्या स्क्रीनचा फोटो काढा. फोटो व्हॉट्सॲपवर आला, थोडा तिरका, ट्यूबलाइटची चमक पडलेला. मध्ये ती पट्टी. पण खाली टास्कबारवर आमच्या सॉफ्टवेअरच्या आयकॉनला उजवीकडे दुहेरी कड होती. विंडोज १०मध्ये एकाच प्रोग्रॅमच्या एकाहून जास्त खिडक्या उघड्या असल्या की अशी कड येते. पट्टीची खिडकी मुख्य खिडकीला बांधलेली असल्याने टास्कबारवर वेगळी मोजली जात नाही. मग ही दुसरी खिडकी कुठली?

फोन केला आणि ऑल्ट धरून टॅब दाबायला सांगितलं. “अरेच्चा, इथे काहीतरी विचारतंय: फाइल आधीच आहे, तिच्यावर लिहायचं का?” बिचारा पॉपअप केव्हापासून मुख्य खिडकीच्या मागे उत्तराची वाट बघत बसला होता!

मग सगळं उलगडलं. रिपोर्टचं काम वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर) चालतं आणि हा मेसेज बॉक्स तिथूनच काढला होता, मालक खिडकी, म्हणजे तो कुठल्या खिडकीचा आहे, ते न सांगता. मालक सांगितला नाही की डॉटनेट (आमचं सॉफ्टवेअर ज्यावर बांधलंय ती मायक्रोसॉफ्टची प्रणाली) त्या थ्रेडची सक्रिय खिडकी शोधतं, आणि कामकरी थ्रेडला खिडकीच नसते. असा बिनमालकाचा बॉक्स मुख्य खिडकीला अडवत नाही. तुम्ही मुख्य खिडकीवर क्लिक केलंत की ती वर येते आणि बॉक्स तिच्याखाली गडप. मालक असता तर तो कायम मालकाच्या वरच राहिला असता.

डेव्हलपरकडे का होत नव्हतं? एक तर तो दर वेळी आधी आउटपुट फोल्डर रिकामा करायचा, त्यामुळे ‘फाइल आधीच आहे’ हा प्रश्न यायचाच नाही. करसल्लागाराकडे मात्र एखादं राहिलेलं बिल मागाहून येतं आणि त्याच महिन्याचा रिपोर्ट पुन्हा काढावा लागतो. दुसरं म्हणजे डेव्हलपर पट्टीकडे टक लावून बसायचा. खरा माणूस तेवढ्यात एक्सेल उघडतो, फोन घेतो, परत येऊन मुख्य खिडकीवर सवयीने क्लिक करतो. या दोन्ही गोष्टी करून दाखवल्या, तेव्हा त्याच्याच मशीनवर पट्टी थिजली. मला झालेला आनंद लपवायचा मी अजिबात प्रयत्न केला नाही.

तेव्हापासून प्रत्येक डायलॉगवर माझी ही तपासणी ठरलेली: तो उघडा असताना मागच्या मुख्य खिडकीवर क्लिक करायचं. आवाज होऊन डायलॉगची कड लुकलुकली तर मालकी जागेवर आहे. मागची खिडकी मुकाट्याने पुढे आली तर बग लिहायला घ्या. आणि लांबलचक काम चालू असताना मुद्दाम दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जाऊन या.

तो बॉक्स अखेर समोर आला तेव्हा त्यात आणखी दोन गमती निघाल्या. प्रश्न मराठीत, बटणं मात्र ‘येस’ आणि ‘नो’, कारण विंडोजच्या तयार मेसेज बॉक्सची बटणं विंडोजच्याच भाषेत येतात. आणि नुसती येस-नो बटणं असली की एस्केप चालत नाही, कोपऱ्यातली फुलीही मिटलेली असते. माणसाला ‘राहू दे’ म्हणायची सोयच नाही. आम्ही शेवटी स्वतःचा डायलॉग बनवला, तीन मराठी बटणांचा.

त्यात डिफॉल्ट बटण, म्हणजे नुसतं एंटर मारलं की दाबलं जाणारं, कुठलं, यावर मी हटून बसले. हिशेबवाले एंटर, एंटर, एंटर करत नोंदी मारतात. मध्येच पॉपअप उगवला तर पुढचा एंटर त्याच्यावर पडतो आणि न वाचताच फाइल पुसली जाते. पुसण्याच्या, वर लिहिण्याच्या प्रश्नाला डिफॉल्ट ‘नाही’च हवं.

जाता जाता आणखी दोन युक्त्या. दुसरा मॉनिटर काढल्यावर डायलॉग दिसेनासा झाला, तर ऑल्ट-स्पेस, मग एम, मग बाणाची कळ. तो सरकत परत येतो. बग मात्र तरी नोंदवाच, क्लायंटला या कळा ठाऊक नसतात. आणि हो, तयार मेसेज बॉक्स उघडा असताना कंट्रोल-सी दाबलं की शीर्षक, मजकूर, बटणांची नावं सगळं कॉपी होतं. एरर हाताने टाइप करत बसू नका.

दुरुस्ती दोन-चार ओळींची निघाली. रिलीज नोटमध्ये तिची नोंद ‘किरकोळ सुधारणा’ अशी झाली. मी लीडकडे जाऊन ती ओळ बदलून घेतली: ‘रिपोर्ट काढताना प्रोग्रॅम अडकण्याची तक्रार दूर केली.’