पाहाले कोनी येत नाही

"तुमी नाटक पाहाले आले ना? मंग बसा इथं, आमच्याजवळ."

काल रात्री गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यातल्या एका मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, एका आजींनी सरकून सतरंजीवर जागा दिली. वर म्हणाल्या, "बाहेरचे लोक इचारालेच येतात. पाहाले कोनी येत नाही."

हे वाक्य दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

खरंच, गडचिरोलीत बाहेरून येणारा वही घेऊनच येतो. पत्रकार, सर्व्हेवाले, अभ्यासक. कुरखेड्याचं नाव घराघरांत पोचलं ते १ मे २०१९ ला. जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी घडवलेल्या स्फोटात १५ जवान आणि त्यांचा चालक गेले तेव्हा. याच तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणेंना झाडीपट्टी रंगभूमीसाठी, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या लोकनाट्यासाठी, २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, हे कितीजणांना माहीत आहे?

दिवाळीनंतर, धान घरात आलं की इथं गावोगाव नाटकं लागतात. वडशाच्या (देसाईगंजच्या) नाटक कंपन्या रात्रभर प्रयोग करतात. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, सोयरिकीही जमतात. खलनायक यायच्या आधीच आजींनी मला कोपरानं ढोसलं, "आता पाहा याले!" मग पहाटेपर्यंत आम्ही दोघांनी मिळून त्याला शिव्या घातल्या. माझं गाव कुठलं, हे त्यांनी मध्यंतरात विचारलं. तेही चहा हातात देऊन.

अशा भागांत सलोख्यासाठी महोत्सव भरवायचे, तर मंच, बॅनर, पाहुणे सगळं शहरातून का न्यायचं? इथल्या लोकांचा महोत्सव कधीचा उभा आहे. तिथं तिकीट काढून, त्यांच्या रांगेत बसायला हवं.

हंगाम अजून संपलेला नाही. कोण कोण येतंय?