धर्मपुरी ते नातेपुते

बरडचा तळ पहाटेच सुटला. साधुबुवाच्या ओढ्याचा विसावा कधी मागे पडला ते कळले नाही आणि धर्मपुरीला माउलींच्या पालखीने सोलापूर जिल्ह्यात प्रवेश केला तेव्हाचे स्वागत मी पताकांच्या गर्दीमागून केवळ ऐकले.

खरी वाट जेवणानंतर सुरू झाली. पालखी मार्गाचे चौपदरीकरण झाले तेव्हा कडेची जुनी झाडे गेली, त्यामुळे दुपारच्या उन्हात रथ दूर पुढे आणि रथामागच्या आमच्या दिंडीच्या डोक्यावर फक्त आभाळ, अशी अवस्था होती. डाव्या चवड्याखाली सकाळपासून ठुसठुसणारा फोड आता रुपयाएवढा झाला होता. माझ्या मागचा टाळकरी प्रत्येक चरणाला अर्धी मात्रा उशिरा टाळ मारत होता, आणि नामस्मरण करता करता मी त्याला मनातल्या मनात जे काही बोललो ते तुळशीच्या माळेला शोभणारे नव्हते. त्यातच गाडीतून उतरलेली मंडळी बिस्किटाचे पुडे हातात देताना स्वतःचे फोटो काढून घेत होती. पुडे आम्ही घेतले, भूक होतीच.

शेवटी मी रांग सोडून कडेच्या भरावावर बसलो. शेजारी परभणीकडच्या दिंडीतली एक आजी पाय पसरून पान लावत होती. तिने विचारले काहीच नाही, पाय ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला, कमरेची पिशवी सोडून सुई काढली, काडी ओढून सुईचे टोक लाल होईपर्यंत धरले आणि त्यात काळा दोरा ओवला. माझे जंतुनाशक औषध ट्रकमधल्या बॅगेत असल्याचे मी सांगत होतो. "ट्रक येस्तोवर पाय र्‍हाईल का लेका?" एवढेच ती म्हणाली आणि फोडाच्या एका कडेने सुई घालून दुसऱ्या कडेने काढली. दोरा तिने आतच ठेवला, दोन्ही टोके बोटभर लांब सोडली. त्या दोऱ्यावरून पाणी थेंबाथेंबाने निथळू लागले तशी ठुसठूस खरोखरच ओसरली. वर जुन्या लुगड्याची पट्टी बांधून झाल्यावर मी वाकण्याआधी तिनेच माझ्या पायांना हात लावून "माउली" म्हटले, तेव्हा मला कुठे पाहावे ते सुचेना.

मग तिने स्वतःचे बोचके उचलून माझ्या खांद्यावर दिले. शिंगणापूर फाट्यापर्यंत मी ते वाहिले. त्यात बहुधा पितळी भांडी होती. कृतज्ञता आणि वैताग या दोन्ही भावना खांद्यावर इतक्या जवळ बसू शकतात याचा मला अंदाज नव्हता. आजी मात्र हात मोकळे झाल्यामुळे माझ्या पुढे, भराभर, गौळण म्हणत चालली होती. फाट्यावर तिच्या मुलाने बोचके घेतले आणि त्यात पानाचा डबा दिसत नाही म्हणून माझ्याकडेच संशयाने पाहिले.

नातेपुत्याच्या तळावर समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या उभ्या राहिल्या. चोपदारांनी दंड उंचावताच टाळ थांबले. एका दिंडीचे तेवढे वाजत राहिले. त्यांचे काही गाऱ्हाणे होते. चोपदार त्यांच्याकडे गेले, ऐकून घेतले, समजूत घातली, आणि तोवर एवढा मोठा समाज गप्प उभा राहिला. एरवी मला ही रीत फार थोर वाटते. त्या संध्याकाळी मी एका पायावर उभा राहून त्या दिंडीने लवकर ऐकावे एवढेच विठ्ठलाकडे मागत होतो.

दुसऱ्या दिवशी सदाशिवनगरला गोल रिंगण झाले, अश्वापेक्षा धूळच जास्त दिसली. आजीने बजावल्याप्रमाणे दोरा काढला नाही. वेळापूरला पोहोचेपर्यंत तो फोड बसला आणि उजव्या टाचेला नवा आला.