तेराव्या ग्रीनमागचे दोन बीच

ऑक्टोबर 2024 मध्ये मी एक बीचचं झाड तोडायला सांगितलं आणि त्याच्या शेजारचं राखायला सांगितलं. राखलेलं झाड तीन महिन्यांनी मुळासकट आडवं झालं. तेव्हापासून ही दोन झाडं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

मी झाडं तपासते. दापोलीला फॉरेस्ट्री शिकले, पुढचं शिक्षण डब्लिनला झालं आणि गेली बारा वर्षं आयर्लंडमध्ये हेच काम करतेय. झाड उभं राहील का, फांदी पडेल का, हे मालकाला लेखी द्यायचं आणि खाली सही करायची. मोकळ्या रानातल्या झाडाला कुणी विचारत नाही. खाली माणसांची ये-जा असली की मला बोलावणं येतं.

यावेळी बोलावणं होतं एका जुन्या इस्टेटीवरच्या गोल्फ कोर्सचं. नाव लिहीत नाही. आयर्लंडमध्ये गोल्फचे दोन प्रकार. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकाडांवरचा तो लिंक्स आणि आतल्या भागात, झाडांच्या मधून खेळायचा तो पार्कलँड. पार्कलँडचे बरेचसे नावाजलेले कोर्स जमीनदारांच्या हवेल्यांभोवती आहेत: मेनूथजवळचं कार्टन हाउस, किल्केनीतलं माउंट ज्युलिएट, 2027 चा रायडर कप जिथे व्हायचाय ते अडेअर मॅनर. मी सांगतेय ती जागा त्यांच्याइतकी प्रसिद्ध नाही, पण घडण तीच. आपल्याकडे कुळकायद्याने झालं तसंच काहीसं इथे आधी घडलं. 1870 पासून कायदे होत गेले, 1903 च्या कायद्यानंतर तर कुळांनी सरकारी कर्ज काढून कसत्या जमिनी मोठ्या प्रमाणावर विकत घेतल्या. जमीनदाराकडे राहिली हवेली, मैलोन् मैल दगडी भिंत आणि भिंतीच्या आतलं पार्क. या आतल्या भागाला इथे ‘डिमेन’ म्हणतात. पुढे हवेलीचं हॉटेल झालं आणि पार्काचा गोल्फ कोर्स.

त्या पार्कातले बीच वृक्ष हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. बीच इथला मूळचा नाही. अठराव्या शतकात जमीनदारांनी हौसेने लावला. राखाडी, हत्तीच्या कातडीसारखी गुळगुळीत साल आणि मे महिन्यात उन्हाला आरपार जाऊ देणारी कोवळी पालवी. पण बीच दोन-अडीचशे वर्षांचा धनी. सगळे एकाच पिढीत लावलेले, म्हणून सगळे एकाच पिढीत म्हातारे होताहेत. त्यांच्या जागी नवे लावायला कोर्सवाले तयार नसतात. सावली पडते, ग्रीनवर, म्हणजे चेंडू जिथे खळीत घालायचा त्या बारीक कातरलेल्या हिरवळीवर, शेवाळ धरतं, पानं गोळा करावी लागतात. मग शोभेच्या चेरी लावतात. दोनशे वर्षांच्या वृक्षाच्या जागी चेरी लावणं मला पटत नाही, आणि तसं मी प्रत्येक अहवालात लिहिते.

बोलावलं होतं खरं तर अ‍ॅशसाठी. अ‍ॅश सुकवणारी बुरशी आयर्लंडमध्ये 2012 मध्ये सापडली आणि आता देशभर पसरलीय. ज्या लाकडाच्या हर्लिंगच्या, म्हणजे इथल्या काठी-चेंडूच्या खेळाच्या, काठ्या करतात तेच हे झाड. रोगट अ‍ॅशचं लाकूड ठिसूळ होतं, त्यावर चढाई करणाऱ्याचा जीव धोक्यात येतो, म्हणून वेळेत मोजदाद करावी लागते. कोर्सवर मी अठराव्या, म्हणजे शेवटच्या होलपासून पहिल्याकडे उलटी चालते. तसं केलं की खेळणारे समोरून येतात आणि चेंडू येताना दिसतो. प्रत्येक खोडाला अ‍ॅल्युमिनियमचा नंबर, दीड मीटरवर घेर आणि मग नायलॉनच्या हातोड्याने ठोकणं.

या ठोकण्याबद्दल थोडं सांगते, कारण माझं अर्धं काम कानाचं आहे. कोकणात आमचे बाबा फणसाला बोटाने टिचकी मारून सांगायचे, हा आज उतरवायचा, हा चार दिवसांनी. धडधाकट खोड टणक वाजतं, हातोडा उसळून परत येतो. आत पोकळी असेल तर आवाज बद्द येतो, आणि हातोडा किंचित चिकटल्यासारखा वाटतो. तेराव्या ग्रीनमागे सात बीच एका रांगेत. त्यातल्या पहिल्याला, घेर 3 मीटर 80, बुंध्याशी ठोकलं आणि हात थांबला. बद्द.

वर बघितलं तर झाड भरगच्च. एक फांदी सुकलेली नाही. गुडघ्यावर बसून गवत बाजूला केलं. दोन मुळांच्या बेचक्यात कोळशासारखी काळी खरबरीत खपली. बघणाऱ्याला वाटेल, कुणीतरी इथे शेकोटी केली असणार. नखाने दाबली तर काचेसारखी तडकली. ही क्रेट्झश्मारिया, बुंध्यात आणि मुळांत राहणारी बुरशी. हिचा धोका असा की ती लाकूड आतून ठिसूळ करते आणि पाना-फांद्यांना सुगावाही लागू देत नाही. झाड हिरवंगार असतानाच बुंध्यातून काडकन मोडतं. शेजारच्या मुळावर स्ट्रिमरच्या, म्हणजे गवत कापायच्या यंत्राच्या, दोरीने सोललेले व्रण होते, वर्षानुवर्षांचे. बुरशीला अशा जखमा आयत्या मिळतात. बुंध्याभोवती हातभर गवत वाढू द्या, हे मी किती ठिकाणी किती वेळा सांगितलंय. कोर्सवाल्यांना कडा कातरलेल्या हव्या असतात.

रेझिस्टोग्राफ लावला. 3 मिलिमीटर टोकाची लांब सुई खोडात शिरते आणि लाकूड किती विरोध करतंय त्याचा आलेख निघतो. चार बाजूंनी चार छिद्रं. धड लाकडाची जाडी आली 8, 11, 10 आणि 24 सेंटिमीटर. खोडाची त्रिज्या 60. ढोबळ नियम सांगतो की धड लाकडाची ही भिंत त्रिज्येच्या तीन दशांश, म्हणजे 18 तरी हवी. वर ही बुरशी, आणि खाली ग्रीन, जिथे दिवसभर माणसं वाकून उभी असतात. मी ‘तोडा’ लिहिलं. दुसऱ्या झाडाला ठोकलं: टणक. खपली नाही, बुरशीची छत्रं नाहीत, झुकाव नाही. ‘राखा, दोन वर्षांनी पुन्हा पाहा.’

कोर्सचं गवत सांभाळणारे हेड ग्रीनकीपर तिथे चाळीस वर्षं आहेत, गोल्फ यायच्या आधी इस्टेटीवर मेंढ्या होत्या तेव्हापासून. ते बराच वेळ खोडावर तळहात टेकून उभे राहिले. मग म्हणाले, “तू सांगतेस म्हणून. मला तर ते ठणठणीत दिसतंय.” गवताच्या बाबतीत या माणसाइतका जाणता मी पाहिला नाही, आणि झाडाच्या बाजूने बोलणारा ग्रीनकीपर तर विरळाच.

त्याच दिवशी मी कार्यालयात कोर्सच्या ड्रेनेजचे नकाशे मागितले. नेहमी मागते. कोर्स बांधताना चर कुठून गेले ते कळलं तर मुळांचं कळतं. ‘नकाशे नाहीत,’ असं उत्तर आलं. मीही पुढे तगादा लावला नाही.

वटवाघळांची तपासणी आणि परवाने झाले आणि नोव्हेंबरमध्ये झाड उतरवलं. खोडाचा काप बघायला मी मुद्दाम गेले. आत नकाशावरच्या सीमांसारख्या काळ्या बारीक रेघा, मधला भाग भुसभुशीत, त्यामुळे वलयं 140 च्या पुढे मोजता आली नाहीत. पट्टी लावली. ग्रीनच्या बाजूला भिंत 9 सेंटिमीटर, माझ्या आकड्याच्या जवळ. पण दुसऱ्या दोन ठिकाणी, जिथे आलेखाने 11 आणि 10 दाखवले होते, तिथे 22 आणि 26 निघाले. सुई दोन मुळांच्या मधल्या घडीत गेली होती. तिथे साल आत दुमडलेली असते. सुईला सालीची मऊ जागा लागली आणि मी ती कूज म्हणून वाचली. ग्रीनकीपर शेजारीच उभे होते. त्यांनी पट्टीवरचा आकडा वाचला आणि काही बोलले नाहीत.

24 जानेवारीला एओविन वादळ आलं. पश्चिम किनाऱ्यावरच्या मेस हेडला ताशी 180 किलोमीटरहून जास्त वेगाचा झोत नोंदला गेला, वाऱ्याचा 1945 चा देशातला विक्रम मोडला. देशभर रेड अलर्ट होता, कोर्स बंद, सगळे घरात. चार दिवसांनी ग्रीनकीपरांचा फोन आला. दोन नंबरचा बीच तेराव्या ग्रीनवर आडवा झाला होता. मोडला नव्हता, मुळं आणि माती यांच्या थाळीसकट उपटला होता. मी खोड ठोकून पाहिलं. पडल्यावरही ते टणक वाजत होतं.

थाळीच्या मागे गेले तेव्हा कारण दिसलं. खोडापासून 1 मीटर 80 वर मातीत सरळ उभी रेघ, तीत वाटाण्याएवढी खडी, आणि खडीत छिद्रांचा प्लॅस्टिक पाइप. पाइपातून अजून पाणी ठिबकत होतं. कोर्स बांधताना खणलेला चर. त्या रेघेवर मनगटाएवढी मुळं सरळ कापलेली, टोकं काळी पडलेली. मी अकरा मोजली. वाऱ्याच्या बाजूने झाडाला धरून ठेवणारी सगळी मुळं तीस वर्षांपूर्वीच तुटली होती. त्यावर गवत उगवलं, कातरलं गेलं, आणि वरून कुणाला काही दिसायचा प्रश्नच नव्हता.

एवढं असूनही झाड तीस वर्षं उभं राहिलं. तेवढ्या काळात वादळं काय कमी आली? फरक एकच होता. नैर्ऋत्येचा वारा आधी पहिला बीच झेलायचा, आणि पहिला मी काढायला लावला होता. आडोसा गेलेलं झाड पहिल्या काही हिवाळ्यांत डगमगतं, हे मी इतरांना शिकवते. माझ्या अहवालात दुसऱ्या झाडाबद्दल तसं एक वाक्य होतं, ‘वाऱ्याचा भार वाढेल’. पण वाक्यापुढे कृती नव्हती. शेंडा थोडा कमी करा, असं मी लिहायला हवं होतं. दुसरीकडे, पहिलं ठेवलं असतं आणि तेच त्या वाऱ्यात बुंध्यातून मोडलं असतं तर? 9 सेंटिमीटरची बाजू ग्रीनकडेच होती. मी दोन्ही आकडे कितीदा मांडून पाहिले, उत्तर दर वेळी निराळं येतं.

कार्यालयाकडून आता पत्र आलंय: उरलेले पाचही काढून टाकावेत का? ग्रीनकीपर म्हणाले, “आधी मुळं बघ. नकाशा नाही तर नाही, आपण काढू.” गेल्या मंगळवारी एअर स्पेड घेऊन गेले. दाबाच्या हवेने माती उडवतो तो, मुळांना धक्का न लावता. तीन नंबरच्या बीचपासून ग्रीनच्या दिशेने पट्टा मोकळा करत गेलो. ग्रीनकीपर फावड्याने माती मागे ओढत होते. दोन मीटरवर, 40 सेंटिमीटर खोलीला, खडी लागली. मी हवा बंद केली आणि हाताने खडी बाजूला केली. पाइपाखालून एक मूळ पलीकडे गेलं होतं, माझ्या दंडाएवढं, जिवंत, साल ओली. त्याच्या दोन्ही बाजूंना चार कापलेली.

अहवाल शुक्रवारी द्यायचा आहे.